बॅफल: जुन्या डिझेल इंजिनातला वाकडा पत्रा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लेखी स्वरूपात. बोलताना जिथे हातवारे करून समजावलं होतं, तिथे दोन वाक्यं जास्त घातली आहेत. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय तेलकट आहे. जुन्या डिझेल गाड्यांच्या इंजिनात ऑइल बॅफल नावाचा एक भाग असतो. दिसायला साधा वाकडा पत्रा. ना फिरतो, ना हलतो, ना त्याला वायर जोडलेली असते. पण तो तुंबला तर चांगल्या इंजिनाला ‘खल्लास’ म्हणून सांगितलं जातं आणि मालकाचे हजारो रुपये जातात. फारच वाईट परिस्थितीत किल्ली काढून घेतली तरी इंजिन बंद होत नाही. मी दिवसभर कोड लिहितो, मेकॅनिक नाही. पण बीटेकला शिकलेलं थोडं द्रवशास्त्र आणि गॅरेजमध्ये उभं राहून विचारलेले खूप प्रश्न, एवढ्या भांडवलावर हा भाग केलाय.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. घरी किचन चिमणी असेल तर तिच्यात बहुतेक बॅफल फिल्टरच असेल. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या, एकमेकींच्या आड बसवलेल्या. फोडणीचा तेलकट धूर वर ओढला जातो, पट्ट्यांमधून वळणं घेत जातो. हवा वळते, तेलाच्या थेंबांना तेवढं पटकन वळता येत नाही, ते पट्टीवर आपटून तिथेच चिकटतात आणि ओघळून खालच्या वाटीत जमा होतात. इंजिनातलं बॅफल अगदी हेच काम करतं. फक्त तिथे फोडणी मिनिटाला हजारो वेळा बसते.

इंजिनात धूर येतो कुठून?

पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये रिंगा असतात. त्या फट जवळजवळ बंद करतात, पण पूर्ण नाही. डिझेल इंजिनात हवा खूप दाबली जाते. जुन्या प्री-चेंबरवाल्या इंजिनांत तर साधारण २१ भागांची हवा एका भागात. त्या दाबामुळे थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली, क्रँक फिरते त्या भागात, सटकतो. याला ब्लो-बाय म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हे वाढलं की म्हणतात, ‘इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय.’

थोडा म्हणजे किती? एक ढोबळ हिशोब करू. २.४ लिटरचं इंजिन, ३००० आरपीएम. चार स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतली जाते. म्हणजे मिनिटाला १५०० वेळा २.४ लिटर, एकूण ३६०० लिटर. त्यातला शंभरावा भाग जरी खाली सटकला, तरी मिनिटाला ३६ लिटर वायू झाला. तो बाहेर पडायलाच हवा. नाहीतर आत दाब वाढेल आणि ऑइल सील, गॅस्केट, जिथे जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकललं जाईल.

पण खालच्या भागात क्रँक तेल घुसळत असते, बेअरिंगमधून तेल उडत असतं, गरम पिस्टनला लागलेल्या तेलाची वाफ होत असते. त्यामुळे हा ३६ लिटर वायू बाहेर निघताना तेलाचं धुकं घेऊन निघतो. वायू जाऊ दे, तेल राहू दे, एवढंच बॅफलचं काम.

आधी रस्त्यावर, मग परत इंजिनात

खूप जुन्या गाड्यांत हा वायू एका पाइपनं सरळ खाली रस्त्याकडे सोडायचे. गाडी उभी राहायची तिथे तेलाचे डाग पडायचे, आणि वास वेगळा. पुढे प्रदूषणाचे नियम आले आणि हा वायू परत इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडायची पद्धत रुळली, म्हणजे तो सिलिंडरमध्ये जाऊन जळून जाईल. टॅपेट कव्हरवरून एक रबरी पाइप निघतो आणि एअर फिल्टरच्या डब्याला किंवा टर्बोच्या आधी जोडलेला असतो. त्यालाच आपण ब्रीदर पाइप म्हणतो. या व्यवस्थेत बॅफलची जबाबदारी एकदम वाढली. आधी सुटलेलं तेल रस्त्यावर पडायचं. आता ते इंजिन स्वतःच पिणार.

एक नीट माहीत असलेलं उदाहरण घेऊ. मर्सिडीजची १९७० आणि ८० च्या दशकांतली डिझेल इंजिनं. चार सिलिंडरचं २.४ लिटरवालं ओएम ६१६, आणि त्याचंच पाच सिलिंडरचं भावंडं ३ लिटरवालं ओएम ६१७, जे १९७४ मध्ये आलं. जर्मनीत टॅक्सीवाल्यांची ही लाडकी इंजिनं. आपला संबंध असा की ओएम ६१६ च्या घराण्यातली इंजिनं पुण्यात बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, बनवली आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये घातली. तुम्ही शाळेच्या सहलीला किंवा लग्नाच्या वऱ्हाडात गेला असाल तर या घराण्याचा आवाज तुमच्या ओळखीचा आहे.

टर्बोवाल्या ओएम ६१७ मध्ये ब्रीदरचा वायू एअर फिल्टरच्या डब्याकडे जातो. तिथे तेल वेगळं होण्यासाठी जागा केलेली आहे आणि जमलेलं तेल एका वेगळ्या पाइपनं खाली ऑइल चेंबरकडे परत जातं. म्हणजे गाळणी आहे, आणि गाळलेलं परत न्यायची वाटही आहे. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात.

थेंब वळत नाही म्हणजे काय?

आता थोडं गणित, घाबरू नका.

तो मिनिटाला ३६ लिटर वायू २० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून गेला तर त्याचा वेग सेकंदाला साधारण २ मीटर होतो. तोच वायू आधी दहापट मोठ्या जागेतून नेला, तर वेग दहापट कमी, सेकंदाला २० सेंटिमीटर. म्हणून टॅपेट कव्हरच्या आत बॅफलच्या वर एक छोटा कप्पा असतो. वायू तिथे येऊन संथ होतो आणि जड थेंब आपोआप खाली पडतात.

किती जड? १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड थेंब हवेत सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर खाली येतो. तो पकडायला काहीच कष्ट नाहीत. पण १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला जेमतेम अडीच मिलिमीटर उतरतो. आणि १ मायक्रॉनचा? त्याच्याही शंभरावा भाग. तो पडतच नाही म्हणा ना. व्यास दहापट कमी झाला की पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो, वर्गाचा नियम आहे.

म्हणून दुसरी युक्ती, वळण. पत्रा असा लावायचा की वायूला झटकन दिशा बदलावी लागेल. सेकंदाला २ मीटर वेगानं जाणारा १० मायक्रॉनचा थेंब वळणावर सरळ रेषेत साधारण अर्धा मिलिमीटर पुढे जातो. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण फटी अरुंद ठेवल्या आणि एकामागून एक वळणं दिली, तर त्यातले बरेच थेंब कुठल्या ना कुठल्या भिंतीला लागतात. लागले की चिकटतात, एकमेकांत मिसळतात, मोठे होतात आणि ओघळतात. काही इंजिनांत याच कामासाठी तारेची जाळीही असते.

१ मायक्रॉनचं धुकं मात्र वायूबरोबर आरामात वळतं. साधा पत्रा ते पकडू शकत नाही. त्यामुळे जुन्या डिझेलच्या ब्रीदर पाइपमध्ये तेलाचा हलका ओलावा दिसणं अगदी नॉर्मल आहे. हे लक्षात ठेवा, पुढे पैशाचा प्रश्न येणार आहे.

आता गंमत बघा. संथ करायला जागा मोठी हवी, वळवायला फट अरुंद हवी. दोन्ही मागण्या उलट्या. प्रत्येक बॅफल ही या दोघींमधली तडजोड आहे, आणि ती ठराविक प्रमाणातल्या ब्लो-बायसाठी केलेली असते. रिंगा झिजून ब्लो-बाय तिप्पट झाला की कप्प्यातला वेगही तिप्पट. मग थेंबांना पडायला वेळ मिळत नाही, आणि पत्र्यावर जमलेलं तेलसुद्धा वायू ओढून नेतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जेवढ्या लोडसाठी बनवला त्याच्या तिप्पट रिक्वेस्ट आल्या. सर्व्हरला शिव्या देऊन उपयोग नाही.

तेल परत जायची वाट

बॅफलनं पकडलेलं तेल खाली जायला एक छोटं भोक किंवा पाइप असतो. इथेच खरी गंमत आणि खरी गडबड.

खालून वायू वर यायला बघतोय, वरून तेल खाली जायला बघतंय. दोघांना एकच वाट दिली तर वायू जिंकतो आणि तेल वरच अडकतं. म्हणून परतीची वाट वेगळी ठेवतात, आणि बऱ्याच ठिकाणी पाइपचं टोक तेलात बुडवून ठेवतात किंवा त्याला वाकण देतात. बेसिनखालचा वाकडा पाइप आठवा. त्यात पाणी साचून राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही, पण भांड्यांचं पाणी खाली जातं. इथे पाण्याऐवजी तेल.

हे भोक तुंबलं की काय होतं? गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते, इंजिन नीट तापत नाही, आतली पाण्याची वाफ तेलात मिसळून पिवळसर पांढरी साय धरते. त्यात काजळी, त्यात वेळेवर न बदललेलं तेल. हा चिखल आधी सगळ्यात लहान भोकात बसतो. मग बॅफलवर तेलाचं तळं साचतं आणि वायू त्यातून बुडबुडत जाताना तेल सोबत घेऊन जातो. बाहेरून लक्षण काय दिसतं? एअर फिल्टर तेलानं भिजलेला, निळसर धूर, तेल कमी होतंय. अगदी तेच, जे रिंगा गेल्यावर दिसतं.

माझे मामा सातारा जिल्ह्यात वडाप चालवायचे. जुनी डिझेल गाडी, मागे दोन बाकं, बाजाराच्या दिवशी टपावरही सामान. एका गॅरेजनं त्यांना सांगितलं की फुल इंजिन काम करावं लागेल, खर्च ६०-७० हजार. मामांचं म्हणणं सरळ होतं. ‘अरे, एवढे असते तर दुसरी गाडी नसती घेतली? तू इंजिनिअर हाईस ना, बघ की.’ मी म्हटलं, ‘मामा, मी कॉम्प्युटरवाला आहे. पण इंजिन उतरवायच्या आधी टॅपेट कव्हर तरी उघडून बघू.’ दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी कव्हर काढलं. बॅफलच्या मागे काळी पेस्ट होती आणि परतीचं भोक पूर्ण बंद. त्यांनी ते धुतलं, फुगून मऊ पडलेला ब्रीदर पाइप बदलला, तेल बदललं.

गाडी नवी झाली का? नाही. तेल खाणं बरंच कमी झालं, पण थांबलं नाही, कारण रिंगाही थोड्या झिजलेल्या होत्याच. पुढच्या वर्षी इंजिन काम झालं. पण ते मामांनी पैसे साठवून, त्यांच्या सोयीनं केलं, सावकाराकडे न जाता. मधलं अख्खं वर्ष गाडी धंद्यावर होती.

किल्ली काढली तरी चालू

आता धोक्याचा भाग. हा नीट वाचा.

पेट्रोल इंजिनात तेल शिरलं तर धूर होतो, प्लग खराब होतात. किल्ली बंद केली की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. दाबून तापलेल्या हवेत जे जळण्याजोगं येईल ते पेटतं. हवेच्या वाटेवर बहुतेक जुन्या डिझेलमध्ये अडवणारी झडपही नसते. किल्ली फक्त पंपाकडून येणारं डिझेल तोडते.

म्हणून ब्रीदरमधून भरपूर तेल हवेच्या वाटेत आलं, तर इंजिन त्यावरच चालतं. वेग वाढतो. वेग वाढला की ब्लो-बाय वाढतो. ब्लो-बाय वाढला की आणखी तेल येतं. वेग आणखी वाढतो. बाहेर पडायची अट नसलेला लूप. याला इंग्रजीत रनअवे म्हणतात. तेल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत ते ओरडत राहतं. टर्बोचं सील गेल्यावरही हेच होतं, पण आज आपण ब्रीदरपुरतं बोलतोय.

असं झालं तर काय करायचं? आधी माणसं लांब करा. मॅन्युअल गिअरची गाडी असेल आणि तुम्ही सीटवर असाल, तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा, क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. दुसरा उपाय म्हणजे हवा तोडणं. तो जाणकारानं, हवेच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबून किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरून करायचा. हात कधीही लावू नका. कापडही नको, ते आत ओढलं जातं. आणि काही सेकंदांत जमलं नाही तर गाडी सोडून लांब व्हा. इंजिन परत मिळतं.

खाली अजून एक बॅफल

गोंधळ नको म्हणून सांगतो, ऑइल चेंबरमध्येही बॅफल असतं. त्याचं काम वेगळं. जोरात ब्रेक मारला की तेल पुढे धावतं. ब्रेकचा जोर गुरुत्वाच्या निम्मा असेल तर तेलाचा पृष्ठभाग साधारण २७ अंशांनी तिरपा होतो. घाटातल्या वळणावर ते बाजूला चढतं. पंपाचं तोंड उघडं पडलं तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही. खालचा पत्रा तेलाला त्या तोंडाशी धरून ठेवतो. शिवाय फिरणारी क्रँक आणि तेल यांच्यात तो आड येतो, म्हणजे घुसळण कमी, धुकं कमी, आणि वरच्या बॅफलचं काम सोपं.

पण तेल जास्त भरलं तर हे सगळं फुकट. क्रँक थेट तेलात आपटते, फेस होतो, धुकं वाढतं. ‘अर्धा लिटर जास्त असलेलं बरं’ हे डिझेलच्या बाबतीत अजिबात बरं नाही.

मग करायचं काय?

जुनी डिझेल घरात असेल, किंवा सेकंडहँड घ्यायच्या विचारात असाल, तर हा क्रम ठेवा. स्वस्तापासून महागाकडे.

एक. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टीवर तेल बघा. दोन खुणांच्या मध्ये हवं. वर असेल तर आधी ते काढा.

दोन. इंजिन बंद असताना ब्रीदर पाइप काढून बघा. हलका ओलावा चालेल. ओघळतंय, पाइप चपटा झालाय, आत चिखल आहे, तर कारण तिथे असू शकतं.

तीन. टॅपेट कव्हर काढून बॅफल आणि परतीचं भोक साफ करून घ्या. रॉकेल किंवा डिझेलनं धुतलं तर पूर्ण वाळवूनच बसवा. इंजिन चालू असताना ब्रीदरमध्ये कुठलाही स्प्रे मारू नका. तो तुमच्यासाठी क्लीनर आहे, इंजिनासाठी इंधन.

चार. आयडलला तेल भरायचं झाकण सोडवून नुसतं ठेवून बघा. थोडं हललं तर ठीक, उडून पडलं तर ब्लो-बाय जास्त. ही ढोबळ चाचणी आहे, शेवटचा निकाल नाही. तेल अंगावर उडू शकतं, तोंड लांब ठेवा.

पाच. एवढं झाल्यावरही तेल जात असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट. सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून मागा. एखादा बराच कमी असेल तर इंजिन उघडायला कारण आहे. आकडे न दाखवता कुणी फुल काम सांगितलं, तर दुसरीकडे विचारा.

आणि दोन गोष्टी करू नका. ब्रीदरमध्ये भांडी घासायची तारेची घासणी कोंबू नका. ती तुंबते, आणि तिचे तुकडे टर्बोपर्यंत जाऊ शकतात. दुसरं, पाइप काढून तोंड बंद करू नका. गळती थांबल्यासारखी वाटेल आणि महिन्याभरात मागचं ऑइल सील गळायला लागेल. बाहेरचा कॅच कॅन लावायला हरकत नाही, पण तो भरला की रिकामा करावा लागतो, आणि झिजलेल्या रिंगा तो बऱ्या करत नाही.

पुढच्या भागात ग्लो प्लगबद्दल बोलू, म्हणजे थंडीत सकाळी डिझेल गाडी चालू व्हायला इतका वेळ का घेते. तुमच्याकडे जुनी डिझेल असेल तर कव्हर उघडल्यावर बॅफलचा एक फोटो काढून पाठवा, कोणत्या गाडीचा आहे तेही लिहा. वेगवेगळ्या इंजिनांचे पत्रे शेजारी ठेवून बघायला मला आवडेल. चला, भेटू.